नक्षीचे ताव आणि इमेजमॅजिक

एक बाई डायरी घ्यायला दुकानात आल्या. वरचं खणाचं कापड आवडलं, शिवण ओढून बघितली, ती आवडली. मग पुठ्ठा उघडला आणि आतला छापील कागद बघून म्हणाल्या, "हा तर आमच्या पेढ्यांच्या खोक्यावर होता."

खोटं नव्हतं. बाइंडर ज्याला अस्तर म्हणतो तो कागद, म्हणजे पुठ्ठा उघडल्याबरोबर आत दिसतो तो, मी बाजारातून छापील तावांच्या गठ्ठ्यानं आणायचे. मिठाईवालाही तिथूनच आणत असणार. त्या दिवशी ठरवलं, निदान अस्तर तरी आपलं हवं.

आमचं दुकान कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. आप्पांच्या काळात रोजमेळ, खतावण्या, लाल कापडाच्या चोपड्या. आता रोजचं पोट चालतं ते विद्यापीठाच्या प्रबंधांवर: काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि "ताई, उद्या अकराच्या आत जमा करायचाय". डायऱ्या हे माझं खूळ. त्या खुळापायी गेलं दीड वर्ष मी इमेजमॅजिक नावाचा, चित्रं बनवायचा आणि बदलायचा प्रोग्रॅम वापरते आहे. त्याबद्दल मराठीत काही वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून हा अभिप्राय.

आधी हे सांगते की याला खिडकी नाही. बटणं नाहीत, ब्रश नाही, रंगांची थाळी नाही. काळ्या टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, आणि फोल्डरमध्ये चित्राची फाइल येऊन पडते. माझ्या भाच्यानं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) घालून दिलं तेव्हा पहिली ओळ त्यानंच टाइप केली आणि म्हणाला, "आत्या, आता तू." आज्ञांमधले शब्द मी इथे उच्चारतो तसे लिहिते आहे, टाइप करताना अर्थातच ते इंग्रजी अक्षरांत जातात.

पहिली ओळ अशी होती: कन्व्हर्ट (आताच्या आवृत्तीत मॅजिक), मग साइझ ३६० बाय ५४०, मग पॅटर्न, विसर्गासारखे दोन ठिपके, फिशस्केल्स, आणि शेवटी फाइलचं नाव. एंटर. पडद्यावर माशाचे खवले. डोळ्याची पापणी लवायच्या आत.

असे पन्नासच्या वर नमुने प्रोग्रॅमच्या पोटातच आहेत. विटा, उभ्या विटा, षटकोन, अष्टकोन, वर्तुळं, उलटसुलट कौलं, करवतीचे दात, तीस आणि पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या रेघा. बहुतेक नुसते काळे-पांढरे, आणि इतके बारीक की त्यांचं करायचं काय हा प्रश्न पडावा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, लागतात, म्हणजे एक पिक्सेल एक दशांश मिलिमीटरपेक्षाही लहान. तो खवल्यांचा नमुना तसाच छापला तर लांबून करडा कागद दिसतो, बस.

इथे दोन रस्ते फुटतात. रिसाइझ म्हणून मोठं केलं तर कडा गुळगुळीत होतात आणि नमुना धुक्यात गेल्यासारखा दिसतो. स्केल म्हणून १००० टक्के मोठं केलं तर प्रत्येक पिक्सेलचा चौकोन होतो, खवल्याची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची दिसते. भाचा म्हणाला हे खराब आहे. मी म्हटलं थांब. ते अगदी मॅटीच्या कापडावर मोजून घातलेल्या फुलीच्या टाक्यांसारखं दिसत होतं. माझ्या सर्वात जास्त खपलेल्या डायरीचं अस्तर तेच आहे, गडद हिरव्यावर पिवळसर खवले.

रंग चढवायला लेव्हल-कलर्स नावाचा पर्याय आहे, अधिकचं चिन्ह लावून. दोन रंगांची नावं द्यायची. काळ्याच्या जागी पहिला येतो, पांढऱ्याच्या जागी दुसरा. एक खाचखळगा सांगून ठेवते. चेकरबोर्ड नावाचा नमुना काळा-पांढरा नाही, दोन करड्यांचा आहे. त्यावर थेट रंग चढवले की दोन्ही मळकट येतात. आधी ऑटो-लेव्हल लिहून करड्यांना काळ्या-पांढऱ्यापर्यंत ताणायचं, मग रंग. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अख्खी संध्याकाळ मी रंगांची नावं बदलत बसले होते.

आणि हाच या प्रोग्रॅमचा स्वभाव आहे: सगळं क्रमावर. आमच्या धंद्यात खळ लावून ताव लगेच दाबात गेला पाहिजे; आधी दाब आणि मग खळ असं कुणी करत नाही. इथेही तसंच. साइझ आधी, चित्र नंतर, चित्रावरची क्रिया त्याच्याही नंतर. पुसट करताना कडेला काय करायचं ते पुसट करण्याच्या आधी सांगावं लागतं. ओळ डावीकडून उजवीकडे वाचली जाते आणि जिथे जे लिहिलंय तिथेच ते घडतं. ही गोष्ट डोक्यात बसेपर्यंत मला महिना लागला. त्यानंतर भीती गेली.

चिन्हांबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे. साधारणपणे वजाचं चिन्ह म्हणजे ही गोष्ट कर आणि अधिकचं म्हणजे ती काढून टाक किंवा मूळपदावर आण. पण दोन चित्रं एकमेकांना जोडायच्या अपेंडमध्ये वजा लावलं तर चित्रं एकाखाली एक, अधिक लावलं तर शेजारीशेजारी. वजाची रेघ आडवी, आणि ती जोडते उभं! मी लॅपटॉपच्या कडेला चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवलंय. अजून चुकते.

आता मुख्य गोष्ट, पुनरावृत्ती. नक्षीचा कागद म्हणजे एक चौकोन, जो चारी बाजूंनी स्वतःला बेमालूम जुळतो. मी एक इंचाचा, म्हणजे ३०० बाय ३०० पिक्सेलचा चौकोन धरते. डिजिटल छपाईचा ताव १२ बाय १८ इंचांचा, म्हणजे ३६०० बाय ५४००; त्यात आडवे १२ आणि उभे १८ चौकोन नेमके बसतात, कडेला अर्धी बुट्टी उरत नाही. चौकोन तयार झाला की साइझ आणि टाइल हे दोन शब्द पुरे, अख्खा ताव भरतो.

जुळतं की नाही हे बघायला रोल आहे. चौकोन आडवा-उभा दीडशे-दीडशे पिक्सेल सरकवायचा. एका बाजूनं बाहेर गेलेलं दुसरीकडून आत येतं आणि चारी कडा मधोमध येऊन भेटतात. सांधा असेल तर तिथे चक्क अधिकच्या चिन्हासारखी रेघ दिसते. हाताने नक्षी काढणारे कागदाचे चार तुकडे करून त्यांच्या जागा अदलाबदल करतात, तेच हे, फक्त कात्री नाही.

हाफ-ड्रॉपही याच रोलमधून निघतो. बुट्ट्यांची एक रांग सरळ, पुढची अर्ध्या पावलानं खाली, जशी साडीवर असते. चौकोनाची प्रत घ्यायची, ती उभी १५० पिक्सेल सरकवायची, मूळच्या शेजारी जोडायची. झाला ६०० बाय ३०० चा नवा चौकोन. बुट्टी मधोमध एकटी हवी, डाव्या-उजव्या कडेला टेकता कामा नये, नाहीतर सरकवल्यावर तिचं अर्धं अंग भलतीकडे.

बुट्ट्या कुठून आणल्या? आप्पांच्या पेटीतून. पुठ्ठ्यावर सोनेरी छाप उठवायचे पितळी ठसे आहेत आमच्याकडे. कोयरी, वेल, कमळ, आणि एक मोर ज्याची चोच झिजून गेलीय. ठसे शाईत बुडवून पांढऱ्या कागदावर उठवले, स्कॅन केले. मग थ्रेशोल्ड ६० टक्के, म्हणजे अर्धवट करडं काही शिल्लक नाही, एक तर काळं नाहीतर पांढरं. ट्रिम म्हणजे भोवतालची रिकामी जागा छाटणं. मग ग्रॅव्हिटी सेंटर आणि एक्स्टेंट ३०० बाय ३००, की बुट्टी चौकोनाच्या बरोबर मध्ये.

बरोबर मध्ये आली नाही. एकदा वर, एकदा डावीकडे. ट्रिम केल्यावर प्रोग्रॅम छाटलेल्या तुकड्याची मूळ कागदावरची जागा लक्षात ठेवतो, आणि पुढच्या क्रियांमध्ये ती जुनी जागा मध्ये येते. ट्रिमच्या मागोमाग अधिक-रीपेज लिहिलं की तो ते विसरतो. हा एक शब्द मी आता बोटांच्या सवयीनेच लिहिते. नव्या माणसानं ट्रिमला रीपेजशिवाय हातच लावू नये.

झिजल्या चोचीच्या मोराला मात्र सममितीनं तारलं. त्याची फ्लॉप केलेली प्रत, म्हणजे डावं-उजवं उलट, शेजारी जोडली. त्या जोडीची फ्लिप केलेली प्रत खाली जोडली. चार मोर चोचीला चोच लावून मधोमध, आणि चोची एकमेकींत मिसळल्यामुळे झीज दिसतच नाही. आरशासारखी कड असल्यामुळे असा चौकोन आपोआप सगळीकडे जुळतो, रोल करून तपासायचीही गरज नाही. लिनक्सवर हे करताना कंसांच्या आधी उलटी तिरकी रेघ घालावी लागते, नाहीतर टर्मिनल तो कंस आपल्यासाठीच आहे असं समजून भांडायला उठतं.

आता माझ्या हातून झालेलं नुकसान. एक छान चौकोन केला होता, पण ५०० पिक्सेलचा. मला हवा होता ३००. रिसाइझ केला, ताव भरला, पडद्यावर बघितला, सुंदर. पन्नास ताव छापून आणले. दुपारच्या उन्हात टेबलावर पसरले तर प्रत्येक इंचाला एक फिकट रेघ, आडवी आणि उभी. वही आखल्यासारखी! रिसाइझ करताना प्रोग्रॅम कडेच्या पिक्सेलचा विचार चौकोनाच्या आतूनच करतो. पलीकडे दुसरा चौकोन लागणार आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे कडा किंचित बदलतात आणि सांधा उघडा पडतो. उपाय साधा आहे: आधी तीन बाय तीन असे नऊ चौकोन भरायचे, ते सगळे एकत्र लहान करायचे आणि मधला कापून घ्यायचा. मधल्याला चारी बाजूंनी शेजारी असतात, म्हणून तो जुळतो. पन्नास तावांची मी नंतर बिलबुकांची अस्तरं केली. कुणी तक्रार केली नाही, बिलबुकाचं अस्तर बघतंय कोण.

सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या त्या मार्बल पेपरनं. जुन्या खतावण्यांच्या पुठ्ठ्याआड तो असायचा, पाण्यावर तरंगणाऱ्या रंगांचा छाप घेतलेला, दगडाच्या शिरांसारखा. आप्पांनी काही तुकडे जपून ठेवलेत. मला तसा हवा होता आणि तोही जुळणारा.

कृती अशी. ३०० चा कोरा चौकोन घ्यायचा आणि त्यावर रँडम नॉइज पसरायचा. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसं दिसतं. मग सांगायचं की कडेपलीकडे टाइल आहे असं समज. याला व्हर्च्युअल-पिक्सेल टाइल म्हणतात. आणि मग ब्लर. आता उजव्या कडेचं पुसटणं डाव्या कडेवरून घेतलं जातं, म्हणून निकाल आपोआप जुळणारा. काळा-पांढरा करून ऑटो-लेव्हलनं ताणला की मऊ ढग मिळतात. इथपर्यंत आणून मी आप्पांना दाखवलं.

ते म्हणाले, "हे मार्बल कुठलं? आभाळ आलंय."

ढगांवर सायनुसॉइड नावाचं फंक्शन लावायचं हे मला पुढे सापडलं. करड्या रंगाची प्रत्येक छटा साइनच्या लाटेतून जाते. चार लाटा सांगितल्या तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या प्रवासात रंग चार वेळा वरखाली होतो. ढगाचे एकदम वलयं-वलयं असे थर होतात, नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात ना, तसे. मग क्लट. मरुनपासून मलईपर्यंतची एक बारीक रंगपट्टी करायची आणि म्हणायचं, करड्याच्या जागी या पट्टीतला रंग भर. पट्टी बदलली की तोच कागद निळा-राखाडी. दहावीत त्रिकोणमितीनं मला रडवलं होतं, आणि आता साइनच्या लाटा मोजत मी कागद विकते.

आप्पांनी तो ताव हातात धरून खिडकीपाशी नेला. "ह्यात कंगवा फिरला नाही," एवढंच म्हणाले. खरंय. पाण्यावरच्या रंगातून कंगवा ओढल्यावर जी पिसं उठतात ती अजून मला जमलेली नाहीत. पण दुकानात ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही.

नॉइज वापरताना सीडचा आकडा द्यायला विसरू नका. सीड दिला नाही तर दर वेळी नवं चित्र येतं आणि जुनं परत कधीच येत नाही. एका लग्नघरानं आहेरासाठी साठ डायऱ्या नेल्या. आठ महिन्यांनी त्यांना आणखी वीस हव्या होत्या, "अगदी त्याच". फाइल मी जागा हवी म्हणून पुसली होती. ओळ लक्षात होती, पण तिच्यात सीड नव्हता. जवळपास तसं काहीतरी करून दिलं आणि पैसे कमी घेतले. त्या दिवसापासून एक खतावणी घातलीय, माझ्याच हाताची, लाल कापडाची. एका बाजूला गिऱ्हाईक आणि कागदाचा जीएसएम (चौरस मीटरमागचं वजन), दुसऱ्या बाजूला पूर्ण ओळ, सीडसकट. फाइल गेली तरी ओळ आहे. फोटोशॉपमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना की अख्ख्या तावाची नक्षी वहीच्या दीड ओळीत मावते.

रंगांबद्दल वेगळं बोललं पाहिजे. हा प्रोग्रॅम जॉन क्रिस्टी यांनी ड्युपाँट कंपनीत असताना १९८७ मध्ये लिहायला घेतला आणि १९९० मध्ये तो सगळ्यांना खुला झाला. सुरुवातीची अडचण अशी होती की चित्रात लाखो रंग, आणि त्या काळच्या पडद्याला दाखवता येणार फक्त २५६. म्हणजे रंग कमी करणं हे याचं अगदी जन्मापासूनचं काम. ते मला स्क्रीन प्रिंटिंगला असं कामी आलं की काय सांगू. आमचा स्क्रीनवाला कुठलंही डिझाइन बघितलं की पहिला प्रश्न विचारतो, "ताई, ह्यात रंग किती?" कारण जितके रंग तितक्या फ्रेमा आणि तितके पैसे. आता मी अधिक-डिदर आणि कलर्स ३ लिहिते, आणि चित्र नेमक्या तीन सपाट रंगांवर येतं. डिदर बंद करायला विसरलं तर मधल्या छटा ठिपक्याठिपक्यांनी भरल्या जातात आणि स्क्रीनवाला फ्रेम न बनवताच परत पाठवतो. एकेक रंग वेगळा काढून काळ्यात केला की फ्रेमसाठीची पॉझिटिव्ह तयार.

डिजिटल छपाईला मात्र माझं आणि याचं अजून नीट जमलेलं नाही. पडद्यावरचा गर्द निळा कागदावर जांभळट येतो. कलरस्पेस सीएमवायके (छपाईच्या चार शाया) असं लिहून टाकलं की काम झालं असं मला वाटायचं. तसं नाही, छापणाऱ्याकडून त्याच्या यंत्राची आणि कागदाची प्रोफाइल, म्हणजे तिथे रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, घेऊन ती लावावी लागते, आणि ती मागितली की समोरचा माणूस आपल्याकडे असं बघतो की जणू त्याच्या बँकेचा पासवर्ड विचारला. मी तोड काढली. माँटाज वापरून ४८ रंगांचे चौकोन एका तावावर छापले, प्रत्येकाखाली त्याचा आकडा. तो ताव भिंतीला आहे. रंग पडद्यावर बघून निवडायचाच नाही, भिंतीवर बघायचा.

त्या तावावर मला रंगांची नावं मराठीत हवी होती आणि तिथे वेगळीच गंमत. साध्या लेबलनं "किरमिजी" लिहिलं तर काही ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. फाँटचा दोष नाही. देवनागरी अक्षरं जुळवणारा भाग प्रोग्रॅमच्या त्या प्रतीत नसतो. लेबलच्या जागी पँगो लिहिलं की मजकूर पँगो या अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमकडून जातो आणि मराठी नीट येतं. डायरीच्या पहिल्या पानावर नाव घालून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. "प्रतिक्षा" की "प्रतीक्षा" हा वाद गिऱ्हाइकाशी आधीच असतो, त्यात यंत्राची भर नको.

काही गोष्टी झटपट. प्रोग्रॅम फुकट आहे, धंद्यासाठी वापरायलाही. मिंटबरोबर मला सहावी आवृत्ती आयती मिळाली होती, तिच्यात आज्ञेचं नाव कन्व्हर्ट. सातवीत सगळं मॅजिकखाली आलं. विंडोजवर कन्व्हर्ट टाइप करू नका, त्या नावाचा विंडोजचा स्वतःचा एक प्रोग्रॅम आहे आणि तो डिस्कचं स्वरूप बदलण्यासाठी आहे. सातवी घ्या, प्रश्न मिटला. उबंटू, डेबियन घराण्यातल्या सिस्टिमवर पीडीएफ करायला गेलात तर सुरक्षा धोरणात बसत नाही असा नकार येऊ शकतो. पीडीएफ हाताळणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅममधल्या त्रुटींमुळे तिथे पीडीएफ बंद ठेवलेलं असतं. मी टिफ नावाच्या प्रकारातली चित्राची फाइल देते, छपाईवाले घेतात. मोग्रिफाय नावाची आज्ञा मूळ फाइलवरच काम करते, प्रत ठेवत नाही. ती शिकूच नका असं म्हणणार नाही, पण आधी फोल्डरची नक्कल करा.

वेग? छोट्या चौकोनावर काही वाटतच नाही. पण एफएक्स नावाची सोय आहे, जिच्यात प्रत्येक पिक्सेलसाठी गणिताचं सूत्र देता येतं. ती मी पहिल्या उत्साहात थेट पूर्ण तावावर चालवली. तावात १ कोटी ९४ लाख ४० हजार पिक्सेल आणि सूत्र प्रत्येकासाठी वेगळं सुटतं. मी चहा केला, प्यायले, कप विसळून ठेवला, पंखा अजून घरघरत होता. सूत्र ३०० च्या चौकोनावर चालवा आणि मग टाइल करा. लाटांची पूर्ण आवर्तनं बसवलीत, सहा म्हणजे सहाच, साडेसहा नाही, तर कडा जुळतात. स्मृतीचंही तसंच. सातवी आवृत्ती प्रत्येक पिक्सेलच्या प्रत्येक रंगाला चार बाइट देते, म्हणजे एका तावाला सव्वादोनशे एमबीच्या वर, आणि कंसातली प्रत्येक प्रत तेवढीच आणखी. चार जीबीच्या लॅपटॉपवर मोठ्या तावाचे लाड चालत नाहीत.

शिकायला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी थायसन यांनी जमवलेली उदाहरणांची पानं आहेत, इंग्रजीत, सहाव्या आवृत्तीच्या काळातली. दिसायला जुनाट, पण चौकोन जुळवण्याबद्दल माझं निम्मं ज्ञान तिथलं.

हे कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्याला कोयरी स्वतः काढायची आहे, वेल वळवायची आहे, त्याचा इथे जीव गुदमरेल. त्याच्यासाठी इंकस्केप हा चित्र काढायचा प्रोग्रॅम आहे, तोही फुकट. एकच आकृती पसरवून सपाट पृष्ठभागावर नक्षी भरण्याच्या सममितीच्या एकूण सतराच तऱ्हा आहेत हे गणितात सिद्ध झालेलं आहे, आणि इंकस्केपच्या एका खिडकीत त्या सतराही टिचकीसरशी मिळतात. इमेजमॅजिकमध्ये त्यातली प्रत्येक फ्लिप, फ्लॉप, रोटेट करत स्वतः रचावी लागते. मी चार-पाचच रचल्यात. बुट्टी आयती असेल, ठसा, स्कॅन, लेकराचं चित्र, काहीही, आणि तिचे ताव भरायचे असतील, उद्या त्याच रंगात आणि परवा दुसऱ्या रंगात, तर मला याहून सोयीचं काही सापडलेलं नाही. आणि एक गोष्ट कुठलाच प्रोग्रॅम सांगत नाही: अस्तराचा ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर गेला पाहिजे. माझ्याकडच्या तावात ग्रेन लांबीला असतो, म्हणून मोर उभे दिसावेत तर कधीकधी नक्षीच नव्वद अंशांत फिरवून छापावी लागते. पहिल्या खेपेला सगळे मोर आडवे झोपले होते.

पाचपैकी चार देते. एक कापला तो त्या अधिक-वजाच्या घोळासाठी.

यंदा दिवाळीच्या चोपड्यांना काय अस्तर घालायचं म्हणून मी आप्पांसमोर चाळीस नमुने मांडले. मार्बलचे अकरा, चार मोरांचे सात, ठशांच्या बुट्ट्या, साइनच्या लाटा. आप्पांनी चष्मा वर करून सगळे बघितले आणि पहिल्या दिवशीचे खवले उचलले. "ह्यो चालंल. हिशोबाच्या वहीत डोळ्याला तरास नको." रंग तेवढा हिरव्याचा कुंकवासारखा लाल करायला लावला. खतावणीत पान ५१, ओळ पहिली, आणि हिला सीड लागत नाही.